तिकिटाचे पैसे पाठवून द्या म्हणणाऱ्यांना

स्कॉटलंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या चर्चचं पथक आफ्रिकेतल्या आपल्या भागीदार खेड्यात पंधरवडाभर राहून आलं, त्याचे फोटो लोकांसमोर आले, की हल्ली एक हिशेब हमखास मांडला जातो. बारा माणसं गेली. विमान, लसी, विमा, गाडी, ड्रायव्हर, राहणं मिळून माणशी २,००० पौंड धरा. झाले २४,०००. एवढ्यात गावाला दोन-तीन विंधनविहिरी मिळाल्या असत्या. शाळेच्या भिंती रंगवायला ग्लासगोची शिक्षिका कशाला हवी होती? गावात रंगारी नाही का? त्याला आठवडाभर मजुरी तरी मिळाली असती. म्हणून जाऊ नका. तिकिटाचे पैसे तेवढे पाठवून द्या.

हा हिशेब मांडणारी माणसं बहुधा भली असतात. त्यांत चर्चमधले असतात, चर्चबाहेरचे असतात, आणि आपल्याकडे सामाजिक कामात मुरलेले, गरिबी बघायला निघालेल्या सहलींचा मनापासून तिटकारा असलेले मित्रही असतात. त्यांची बेरीज मला मान्य आहे. त्या बेरजेवरून ते जिथे पोचतात, ते मात्र साफ अमान्य आहे.

बेरीज मान्य आहे म्हणजे किती, ते आधी सांगतो. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हर बीक यांनी केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक संस्थेने तिथल्याच माणसांकडून बांधून घेतलेलं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं. तसंच घर बांधायला उत्तर अमेरिकेतून पथक आलं, की प्रवासासकट खर्च जायचा ३०,००० च्या घरात. ज्यांना घर मिळालं त्यांच्या आयुष्यात ते कोणी बांधलं यामुळे काही फरक पडलेला दिसला नाही. त्याहून झोंबणारा निष्कर्ष पुढे आहे. घर बांधून परतलेल्यांच्या देण्याघेण्यात, वागण्यात टिकाऊ बदल फारसा झालेला नव्हता. या सहली तर त्याच बदलाच्या नावावर खपवल्या जातात. व्हर बीक हे तेव्हा कॅल्विन कॉलेज या ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक, होंडुरासमध्येच राहून काम करणारे. तेव्हा चर्चच्या वैऱ्याने काढलेली ही खोडी नव्हे.

आणि घरी परतल्यावर पाहुणे जे लिहितात, ते तर मला पैशांच्या उधळपट्टीपेक्षाही जड जातं. मलावीच्या दक्षिणेत, ब्लँटायरच्या आसपासच्या खेड्यांत प्रेस्बिटेरियन मंडळी जागोजाग आहेत. तिथे पाहुण्यांचा दिवस साधारण कसा जातो पाहा. 'म्वानो' म्हणजे मंडळीच्या भगिनी मंडळाच्या बायका गावाच्या अलीकडेच रस्त्यावर येऊन थांबतात आणि गाडी दिसली की गात-नाचत तिच्यासोबत चालू लागतात. चर्चमध्ये आधी पाहुण्यांची वही पुढे येते. नाव, गाव, तारीख, शेरा. मग प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची. गावचा मुखिया असतो, मंडळीचे वडील असतात, प्रत्येकाचं भाषण असतं. जेवायला मक्याच्या पिठाचं घट्ट न्सिमा आणि पाहुण्यांसाठी कापलेली कोंबडी, जी त्या घरात एरवी सणालाच कापली जाते. निघताना पाय बांधलेली आणखी एक जिवंत कोंबडी गाडीत ठेवली जाते, आणि ती विमानात नेता येणार नाही हे ठाऊक असल्याने पाहुणे ओशाळून हसतात. मग एडिंबराला पोचल्यावर चर्चच्या पत्रिकेत लेख येतो: त्यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी आहेत!

हे सद्गृहस्थ आले कधी? जुलैत. कारण स्कॉटलंडच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. मलावीत मका पहिल्या पावसाबरोबर नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात आणि एप्रिल-मेमध्ये काढतात. जुलैत कणगी भरलेली असते, रस्ते कोरडे असतात, हवा थंड असते, डास कमी असतात. उपासमारीचे महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा गेल्या वर्षीचा मका संपलेला असतो, शेतातला अजून हिरवा असतो, माणसं एका जेवणावर येतात, मक्याचा कोंडाही शिजवून खाल्ला जातो. त्या दिवसांत रस्त्यांचा चिखल झालेला असतो आणि पाहुण्यांच्या शाळा सुरू असतात. सुगी झाल्यावर जत्रेला आलेल्या पाहुण्याने आपल्या तालुक्याच्या दुष्काळावर मत द्यावं, तसला हा प्रकार. पाहुण्यांना दिसलेला आनंद खोटा नव्हता. तो सुगीचा होता आणि आदरातिथ्याचा होता. त्यावरून गरिबीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

इथपर्यंत तिकिटाचा हिशेब मांडणारे आणि मी एका बाजूला. आता मुद्द्याकडे येतो.

पैसे पाठवा हे या दुखण्यावरचं औषध आहे असं मानणाऱ्यांनी आफ्रिकेतल्या चर्चने स्वतः काय मागितलं होतं, ते विचारात घेतलेलं दिसत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन गाटू यांनी एक मागणी केली. गाटू हे केनियाचे, पूर्व आफ्रिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे नेते. मागणी अशी की पाश्चात्त्य चर्चेसनी काही काळ आफ्रिकेत मिशनरी पाठवणं थांबवावं आणि पैसाही पाठवणं थांबवावं. १९७४ मध्ये लुसाकाला भरलेल्या ऑल आफ्रिका कॉन्फरन्स ऑफ चर्चेसच्या अधिवेशनाने ती मागणी उचलून धरली. तेव्हा पाश्चात्त्य चर्चेसमध्ये मोठी खळबळ माजली. आमचं काय चुकलं, अशी रडारड झाली. आज गाटूंचं नाव घेणारे पहिला अर्धा भाग आठवणीने सांगतात, कारण तो सोयीचा आहे. दुसरा अर्धा कानामागे टाकतात. आपल्या पायावर उभं राहायचं तर माणसांइतकाच पैसाही दूर ठेवला पाहिजे, हे गाटूंना नीट कळत होतं. किंबहुना पैसा जास्त.

कारण पैसा पाठवणारा घरी राहिला म्हणून त्याची सत्ता कमी होत नाही. उलट त्याला उंटावरून शेळ्या हाकण्याची सोय होते. विहीर कुठे खणायची हे त्याच्या अर्जातल्या रकान्यांवरून ठरतं. तिमाही अहवाल इंग्रजीत लागतो, म्हणून मंडळीतल्या इंग्रजी येणाऱ्या एकट्या माणसाचं वजन वाढतं, आणि साऱ्या व्यवहाराची चावी त्याच्या घरात राहते. लाभार्थ्यांचे फोटो जोडावे लागतात, म्हणून पोरांना पुन्हा रांगेत उभं केलं जातं. फक्त या वेळी फोटो काढणारा गावचाच असतो. गावात आलेल्या पाहुण्याला निदान तोंडावर सांगता येतं की बाबा, हा पंप मुखियाच्या अंगणात नको, शाळेजवळ हवा. बँकेच्या व्यवहाराला हे कसं सांगणार?

पंपाची गोष्ट निघालीच आहे तर ती नीट सांगू, कारण तिचं एक टोक आपल्याकडे आहे. १९६० च्या दशकात भारतात कातळ फोडणारी खोदयंत्रं आली, विंधनविहिरी झाल्या, आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसवले गेले. मूळ घडण युरोप-अमेरिकेतल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी केलेली. इथे एका पंपावर अख्खं गाव पाणी भरायला. पंप धडाधड मोडू लागले, थोड्याच काळात बहुसंख्य बंद. पैसा आला होता, सामान आलं होतं, अहवालही गेले असतील. त्यावरचा उपाय जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या विहीर-कामांत, पंप रोज दुरुस्त करून हात काळे झालेल्या लोकांनी काढला. बिडाऐवजी पोलाद, दांड्याला बॉल बेअरिंग, आणि भार बोअरच्या पाइपवर न टाकता जमिनीत पक्क्या रोवलेल्या बैठकीवर टाकणं. जालना पंप आणि सोलापूर पंप अशीच त्यांची नावं पडली. पुढे युनिसेफने हात घातला आणि सोलापूर पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासमध्ये 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आज महाराष्ट्राच्या कुठल्याही पाड्यावर दिसतो तो हा पंप. हाच आफ्रिकेच्या कितीतरी देशांतही गेला.

तिथे त्याची दुसरी अडचण दिसली. आतली वॉशर बदलायची तर वजनदार पाइप वर ओढावे लागतात. त्याला खास अवजारं आणि बाहेरून येणारी टोळी लागते. गाडी नाही, डिझेल नाही, टोळी येत नाही. म्हणून १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात गावकऱ्यांनाच दुरुस्त करता येईल असा पंप घडवायचं काम झालं, आणि त्यातून 'ॲफ्रिडेव्ह' आला. पाइप न काढता आतला दट्ट्या वरच्या वर ओढून काढता येतो, बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या बुश, एका पान्यावर बहुतेक काम. गावातल्या बायका तो उघडून सील बदलतात. इतकं होऊनही २००९ च्या सुमारास आफ्रिकेतल्या वीस देशांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा तीनातला जवळपास एक हातपंप बंद होता.

आता सांगा, या सगळ्यात कमी कशाची पडली होती? पंप मोडल्यावर तिथे उभं असलेल्या आणि तो मोडला हे वरच्यांना ऐकवू शकणाऱ्या माणसांची. आपण दिलेला पंप तीन वर्षांनी बंद पडलेला बघायला जाणं आणि त्याच्यासमोर उभं राहून गावाची बोलणी खाणं, हे भेटीचं सर्वांत उपयोगी काम आहे. तिकीट वाचवून आणखी एक पंप बसवणाऱ्याला ते कधीच करावं लागत नाही. उद्घाटनाची पाटी लावून परतणाऱ्या पथकालाही करावं लागत नाही, हे खरं. पण पहिल्याला ते शक्यच नाही. दुसऱ्याला निदान शरम आणता येते.

विचारवंत इव्हान इलिचचं नावही या वादात तोंडी लावायला घेतलं जातं. १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन तरुणांसमोर त्याने केलेलं घणाघाती भाषण प्रसिद्ध आहे. तुमच्या सदिच्छा खड्ड्यात जावोत, असा त्याचा रोख. पण तो तिथे थांबला नव्हता. या, बघा, डोंगर चढा, शिका, आमच्या फुलांचा आनंद घ्या. मदत करायला मात्र येऊ नका, असं सांगून त्याने शेवट केला होता. म्हणजे येण्याला त्याचा विरोध नव्हता. आपण वाटायला आलो आहोत या गुर्मीला होता. तिकिटाचे पैसे पाठवून द्या म्हणणारे नेमकं उलटं करतात. येणं रद्द करतात आणि मदत तेवढी ठेवतात. इलिचला हे ऐकून काय वाटलं असतं याची कल्पना करून मला हसू येतं.

मग भेटीतून मिळतं काय? याच मलावीचा इतिहास उलगडून बघू, कारण मंडळी-मंडळींमधलं असं नातं जितकं जुनं आणि गुंतागुंतीचं तिथे आहे तितकं आफ्रिकेत क्वचितच असेल. लिव्हिंग्स्टोनिया मिशन १८७५ चं, ब्लँटायर मिशन १८७६ चं. ब्लँटायर हे नावच डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचं. सुरुवात काही मंगल नव्हती. ब्लँटायरच्या पहिल्या मिशनऱ्यांनी स्वतःला न्यायाधीश करून घेतलं, माणसांना फटके मारले, एकाला देहदंडही दिला. प्रकरण बाहेर आल्यावर एडिंबराहून चौकशी झाली आणि त्यांना काढावं लागलं. ज्यांना जुनं मिशन म्हणजे केवळ शाळा आणि दवाखाने वाटतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९१४ चा एक फोटो आहे. चिराद्झुलू जिल्ह्यातल्या म्बोम्ब्वे या खेड्यात जॉन चिलेंब्वे या आफ्रिकन पाळकाने विटांचं भव्य चर्च उभारलं होतं. त्याच्या उद्घाटनाच्या वेळचा हा फोटो. चिलेंब्वेशेजारी जॉन चोर्ली हा युरोपीय मिशनरी पाहुणा उभा आहे, आणि दोघांच्याही डोक्यावर हॅट आहे. गोऱ्या माणसासमोर आफ्रिकनाने हॅट घालू नये असा तेव्हा दंडक होता. पुढच्याच जानेवारीत चिलेंब्वेने मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध आणि पहिल्या महायुद्धात आफ्रिकनांना मरायला पाठवण्याविरुद्ध उठाव केला. तो दहा-बारा दिवसांत चिरडला गेला, चिलेंब्वेला गोळी घातली गेली, आणि ते नवंकोरं चर्च सरकारी फौजेने सुरुंग लावून उडवलं. मलावीत आज १५ जानेवारीला त्याच्या नावाची सुट्टी असते आणि नोटांवर त्याचं चित्र आहे. २०२२ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मलावीत जन्मलेल्या सॅमसन कम्बालू या शिल्पकाराने त्याच फोटोवरून दोन पुतळे उभे केले. चिलेंब्वे अवाढव्य, चोर्ली माणसाएवढा. फोटोत शेजारी उभं राहणं सोपं असतं, एवढं कळायला तो फोटो पुरेसा आहे. गावाच्या पोरांना कडेवर घेऊन काढलेले सगळे फोटो त्याच्या शेजारी लावून बघावेत.

प्रसंगी शेजारी उभं राहण्याचे दाखलेही आहेत. मार्च १९५९ मध्ये न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, आणीबाणी पुकारली गेली. गोऱ्यांच्या वर्चस्वाखालच्या मध्य आफ्रिकी संघराज्यात डांबल्याविरुद्ध लोक उठले होते; पन्नासच्या आसपास आफ्रिकन मारले गेले. लिव्हिंग्स्टोनियाच्या डोंगरावर अडकलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांवरून सरकारी विमान फिरलं आणि वरून चिठ्ठी टाकली गेली: तुम्हाला तिथून काढायचं का? मिशनऱ्यांनी मैदानात दगड मांडून उत्तर लिहिलं. उत्तर म्हणजे फक्त एक संदर्भ, इफिसकरांस पत्र, अध्याय २, ओवी १४. दोघांच्या मधली आडभिंत पाडून टाकल्याची ती ओवी. विमान परत गेलं. त्याच मे महिन्यात एडिंबराला चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरली, आणि जॉर्ज मॅक्लाउड यांच्या समितीच्या अहवालावर सभेने ब्रिटिश सरकारच्या धोरणाविरुद्ध, आफ्रिकनांच्या हाती सत्ता देण्याच्या बाजूने कौल दिला. तिकिटाच्या पैशांनी हा कौल विकत मिळाला नसता. ज्यांनी माणसं पाहिली होती, ज्यांचे तिथे विद्यार्थी आणि स्नेही तुरुंगात पडले होते, त्यांना गप्प बसणं अवघड झालं, म्हणून तो आला.

हे लोक तिथे वर्षानुवर्षं राहिलेले होते, पंधरा दिवसांचे पाहुणे नव्हते, असा आक्षेप येईल. रास्त आहे. म्हणून १९९२ कडे या. मलावीत तेव्हा हेस्टिंग्ज बांडा यांची एकपक्षीय हुकूमशाही होती. हे बांडा स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडचे वडील. मंडळीत मानाचं पद असलेला माणूस. जुन्या दोस्तीने या काळात बराच काळ तोंड शिवून घेतलं होतं, आणि याबद्दल भागीदारीवाल्यांना कोणी खडसावलं तर मी त्यात सामील होईन. ८ मार्च १९९२ रोजी मलावीच्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं: दारिद्र्य, मोडकळीला आलेल्या शाळा-दवाखाने, आणि बोललं की तुरुंग. बिशपांना पोलिसांनी बोलावून घेतलं, एका आयरिश मोन्सिन्यॉरला देशाबाहेर काढलं. प्रेस्बिटेरियन चर्चची त्या वेळी कसोटी होती. तेव्हा वर्ल्ड अलायन्स ऑफ रिफॉर्म्ड चर्चेसचं एक शिष्टमंडळ मलावीत आलं. त्याने पंप आणला नाही, भिंती रंगवल्या नाहीत. स्थानिक प्रेस्बिटेरियन नेत्यांबरोबर बसून २ जूनला बांडांना उघड पत्र दिलं, राजकीय सुधारणांची मागणी केली, आणि खाली सह्या केल्या. परदेशी पाहुण्यांची सही शेजारी असल्यावर स्थानिक माणसाला उचलून नेणं सरकारला जड जातं. वर्षभराने १४ जून १९९३ ला सार्वमत झालं, जवळपास दोन तृतीयांश लोकांनी बहुपक्षीय लोकशाही मागितली, आणि १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले. अर्थात हे काही पाहुण्यांनी घडवलं नाही. ते बिशपांनी, झोम्बाच्या विद्यार्थ्यांनी आणि ब्लँटायरच्या संपकरी कामगारांनी घडवलं. पण पाहुणे ज्या दिवशी यायला हवे होते त्या दिवशी आले होते.

आपल्या बाजूच्या एका साक्षीदाराचं नावही घेतो. १९१० च्या एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत आफ्रिकेचे प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. आशियातून मोजके होते. त्यांतल्या व्ही. एस. अझारियांनी, जे पुढे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले, भर सभेत सांगितलं की तुम्ही त्याग केलात, पैसा दिलात, आता आम्हाला मित्र द्या. त्यांची तक्रार काय होती? मिशनरी आमच्या घरी येत नाहीत, पंक्तीला बसत नाहीत, आम्हाला आपल्या घरी बोलावत नाहीत. पैशांचा ओघ चालू होता. भेटीगाठी नव्हत्या. इकडे अहमदनगरला नारायण वामन टिळकही हेच दुखणं भोगत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. पगार देणाऱ्यापुढे बरोबरीने बोलता येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आपल्याकडचा ठरलेला आक्षेप एका परिच्छेदात निकालात काढतो: हे सगळं धर्मांतराचं निमित्त आहे. मलावीच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ७७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५० च्या दशकात १३ लाखांच्या वर होती. आता ती ३ लाखांच्या खाली आली आहे. ज्या चर्चमध्ये बाकं रिकामी पडली आहेत तिथली माणसं, ज्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते तिथे जातात. कोणी कोणाचं धर्मांतर करायचं? मलावीचे पाळक हे गमतीने विचारतात, आणि त्या गमतीत तथ्य आहे.

आता खऱ्या तक्रारीकडे, जी तिकिटाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या हिशेबात येतच नाही. हे येणं-जाणं एकाच दिशेने चालतं. स्कॉटलंडचा शाळकरी मुलगा मलावीच्या खेड्यात जाऊन भिंत रंगवू शकतो. त्या खेड्याच्या पाळकाला किंवा म्वानोच्या अध्यक्ष बाईला स्कॉटलंडला जायचं तर तिच्या बँक खात्यात किती शिल्लक आहे, ती परत येईल याचा पुरावा काय, हे विचारलं जातं. आमंत्रण चर्चचं, खर्च चर्चचा, हमी चर्चची, तरी नकार. ब्रिटिश संसदेतल्या मलावी आणि आफ्रिकाविषयक खासदार-गटांनी २०१९ मध्ये याची छाननी केली, तेव्हा आफ्रिकेतल्या अर्जदारांना व्हिसा नाकारला जाण्याचं प्रमाण इतर ठिकाणच्या अर्जदारांच्या दुपटीहून अधिक निघालं. मलावीने २०२४ मध्ये ब्रिटनसह कितीतरी देशांच्या प्रवाशांसाठी व्हिसाची अट काढून टाकली होती. तेव्हा दार एका बाजूने उघडं होतं, दुसऱ्या बाजूने कुलूप. स्कॉटलंड आणि मलावी यांच्या सरकारांनी २००५ मध्ये सहकार्याचा करार केला, त्याच्या वर्धापनदिनाची भाषणं होतात. पाहुणचार करायची वेळ आली की अर्ज फेटाळला जातो.

माझ्या मते भागीदारीची परीक्षा इथे आहे. गावाने पाहुण्यांना यंदा येऊ नका असं सांगितलं तर पैसा बंद होत नाही ना? विहिरीची जागा कोण ठरवतं? आणि परतभेट होते का? ही तीन उत्तरं नीट नसतील तर जाणाऱ्यांनी खरंच जाऊ नये, आणि पाठवणाऱ्यांनी पैसेही पाठवू नयेत. नीट असतील, तर तिकिटाचे पैसे हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च ठरतो.

ब्रिटन-अमेरिकेतल्या चर्चमध्ये जाणारे, तिथल्या समित्यांवर बसणारे मराठी लोक आहेत. हे वाचणाऱ्यांतही असतील. त्यांना माझी विनंती सरळ आहे. पुढच्या वेळी बारा जणांच्या पथकाची यादी समोर आली की सहा नावं खोडा. रंगाचे डबे आणि ब्रश यादीतून काढा. तारीख जुलैची असेल तर फेब्रुवारीची करायला सांगा, आणि कणगी रिकामी असताना जेवायला काय वाढलं जातं ते खाऊन या. वाचलेल्या सहा तिकिटांवर तिकडून सहा जण बोलवा, ज्यांची नावं त्या गावाने ठरवली असतील. त्यांना आपल्या मंडळीचे हिशेब दाखवा, रिकामी बाकं दाखवा, भाषणं करू द्या. आणि व्हिसा नाकारला गेला तर नाकारल्याचं पत्र घेऊन आपल्या खासदाराच्या कार्यालयात जा, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत जात राहा.